ब्रिटिश शाळेतली पहिली दोन वर्षे: नर्सरी-रिसेप्शनच्या नव्या पालकांसाठी

ब्रिटिश पद्धतीच्या आंतरराष्ट्रीय शाळेत नर्सरीला जाणाऱ्या मुलाच्या दप्तरात पहिले कित्येक महिने वही सापडत नाही. गृहपाठ नाही, परीक्षा नाही, गुण नाहीत. बुटांत वाळू, बाहीला रंग, आणि "आज काय शिकलास?" असं विचारलं की "खेळलो" एवढंच उत्तर. पालक धास्तावतात आणि संध्याकाळी मुलाला अक्षरं गिरवायला बसवतात. तिथेच गोष्टी बिघडायला लागतात.

या अभ्यासक्रमाला एक पक्का क्रम आहे. आधी बोलणं-ऐकणं, शरीरावरचा ताबा आणि स्वतःला सावरणं. वाचन, लेखन, गणित त्यावर उभं राहतं. हा क्रम लक्षात आला की शाळा कशी पारखायची, घरी काय करायचं आणि काय मुद्दाम टाळायचं, हे ठरवणं सोपं जातं.

वर्ग कोणता, हे आधी नक्की करा

जन्मापासून रिसेप्शनचं वर्ष संपेपर्यंतच्या टप्प्याला इंग्लंडमध्ये अर्ली इयर्स फाउंडेशन स्टेज म्हणतात. बोलताना सगळे ईवायएफएस म्हणतात. ही चौकट सप्टेंबर २००८ मध्ये लागू झाली आणि नंतर अनेकदा सुधारली गेली. पालकांच्या दृष्टीने २०२१ ची सुधारणा सर्वांत महत्त्वाची, कारण वर्षाअखेरची उद्दिष्टं तेव्हा नव्याने लिहिली गेली. कुणी पाठवलेल्या तक्त्यात 'एक्सीडिंग' (अपेक्षेच्याही पुढे) अशी तिसरी श्रेणी दिसली, तर तो तक्ता जुना आहे; ती श्रेणी तेव्हाच काढून टाकली. बाजूला ठेवा.

नर्सरीला काही शाळा एफएस-१ म्हणतात, रिसेप्शनला एफएस-२. नर्सरीत तीन वर्षं पूर्ण झालेली मुलं, रिसेप्शनमध्ये चार पूर्ण झालेली. त्यापुढचा वर्ग इयर वन, आणि तिथून पुढचा टप्पा, की स्टेज वन, सुरू होतो. इंग्लंडमध्ये वय ३१ ऑगस्टला मोजतात. म्हणजे २० ऑगस्ट २०२१ ला जन्मलेलं मूल सप्टेंबर २०२५ मध्ये रिसेप्शनला जातं, आणि १० सप्टेंबर २०२१ चं मूल सप्टेंबर २०२६ मध्ये. वयात फरक तीन आठवड्यांचा, वर्गात फरक एका वर्षाचा. पहिलं मूल वर्गात सर्वांत लहान असेल, दुसरं बहुधा सर्वांत मोठं. वर्षभर शिक्षकांचं काहीही ऐकताना हे मनात ठेवा.

इंग्लंडबाहेरच्या शाळा स्थानिक कायद्याप्रमाणे वेगळी तारीख धरू शकतात. काहींचं वर्षही सप्टेंबरला सुरू होत नाही. म्हणून प्रवेशाच्या वेळी तारीख लेखी विचारून घ्या. "आमचं मूल हुशार आहे, वरच्या वर्गात घ्या" असा आग्रह धरू नका. पुढे शाळा बदलली की बहुतेक ब्रिटिश शाळा पुन्हा जन्मतारखेवरूनच वर्ग ठरवतात, आणि मित्र पुढे गेलेले असताना मुलाला तोच वर्ग दुसऱ्यांदा करावा लागतो.

सात क्षेत्रं, सतरा उद्दिष्टं

अभ्यासक्रमात सात क्षेत्रं आहेत. पहिली तीन पायाची: संवाद व भाषा, शारीरिक विकास, आणि वैयक्तिक, सामाजिक व भावनिक विकास. उरलेली चार अशी: साक्षरता, गणित, जगाची समज, आणि कला व अभिव्यक्ती. रिसेप्शनच्या शेवटी या सातांत मिळून १७ उद्दिष्टं तपासली जातात.

ती उद्दिष्टं नीट वाचली की बऱ्याच पालकांना आश्चर्य वाटतं. गणितात संख्यांची अपेक्षा फक्त १० पर्यंत आहे, पण खोल आहे: दहापर्यंतची प्रत्येक संख्या कशाकशाची मिळून बनते हे कळणं, पाचपर्यंतच्या वस्तू न मोजता एका नजरेत ओळखणं, पाचपर्यंतच्या संख्यांच्या जोड्या बेरीज-वजाबाकीसह तोंडपाठ असणं, दहाच्या काही जोड्या आणि दुप्पट येणं. तोंडी मोजणी मात्र वीसच्या पुढे जायला हवी. वाचनात प्रत्येक अक्षराचा आणि दोन अक्षरांनी लिहिल्या जाणाऱ्या किमान दहा ध्वनींचा उच्चार यायला हवा, आणि त्या ध्वनींनी बनलेली साधी वाक्यं वाचता यायला हवीत. लेखनात साधं वाक्य, जे दुसऱ्याला वाचता येईल. स्पेलिंग अचूकच हवं अशी अट नाही.

याच १७ मध्ये 'स्वतःचं स्वतः करणं' हेही आहे: कपडे घालणं, शौचालयात एकट्याने जाणं, नियम आणि त्यांची कारणं समजणं. राग आला तर थांबणं, आपल्या पाळीची वाट पाहणं हेही आहे. शाळा ही उद्दिष्टं वाचन-लेखनाइतकीच गांभीर्याने घेते. कागदावरचं पान दाखवता येतं आणि हे दाखवता येत नाही, म्हणून घरी त्यांची किंमत कमी होते.

शाळा पाहायला जाताना

'ब्रिटिश' हा शब्द कुणालाही पाटीवर लावता येतो. इंग्लंडबाहेरच्या शाळेला ईवायएफएस कायद्याने बंधनकारक नसते. इंग्लंडच्या शिक्षण खात्याची 'ब्रिटिश स्कूल्स ओव्हरसीज' ही ऐच्छिक तपासणी योजना आहे. शाळेची ती तपासणी झाली असेल तर अहवाल मागा आणि त्यातला अर्ली इयर्सचा भाग वाचा. झाली नसेल तर शाळा वाईट असं नाही, पण मग डोळ्यांनी जास्त पाहावं लागेल.

भेट शाळा चालू असताना घ्या, सुट्टीच्या दिवशी नाही. भिंतीकडे पाहा. पंचवीस एकसारखी फुलपाखरं चिकटवलेली असतील तर कापणं-चिकटवणं बहुधा मोठ्यांनी केलंय. प्रत्येकाचं चित्र वेगळं, काही ओळखूही न येणारी, आणि शेजारी मुलाचं वाक्य जसंच्या तसं लिहिलेलं असेल तर चांगली खूण आहे. साहित्य मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर आहे का, की कपाटात कुलूपबंद? बाहेरची जागा वर्गाला जोडलेली आहे का? इंग्लंडच्या चौकटीत हवामान धोकादायक नसेल तर रोज बाहेर नेणं अपेक्षित आहे. "आठवड्यातून दोनदा प्लेग्राउंड" हे त्या अपेक्षेत बसत नाही.

सर्वांत जास्त लक्ष मोठ्या माणसांकडे द्या. शिक्षिका मुलांच्या उंचीला बसून बोलते का? प्रश्न विचारल्यावर थांबते का? तीन-चार वर्षांच्या मुलाला उत्तर जुळवायला पाच ते दहा सेकंद लागतात. तिथे घाई करणाऱ्या वर्गात तीच चार बोलकी मुलं बोलत राहतात.

मग विचारायचे प्रश्न:

वर्गात किती मुलांमागे किती मोठी माणसं? इंग्लंडमध्ये दोन वर्षांच्या मुलांसाठी १:५, तीन वर्षांपासून साधारण १:८, आणि पात्र शिक्षक सतत सोबत असेल तर १:१३ अशी मर्यादा आहे. सरकारी शाळेतल्या रिसेप्शनमध्ये एका शिक्षकामागे जास्तीत जास्त ३० मुलं. तुमच्या देशात नियम वेगळे असतील, पण तुलनेला हे आकडे उपयोगी पडतात.

फोनिक्सचा, म्हणजे अक्षरांच्या ध्वनींवरून वाचायला शिकवण्याचा, कोणता कार्यक्रम वापरता? "थोडं इकडचं, थोडं तिकडचं" हे उत्तर चांगलं नाही.

लहान मुलांच्या प्रथमोपचाराचं चालू प्रमाणपत्र असलेलं कुणी कायम शाळेत असतं का? इंग्लंडमध्ये ते सक्तीचं आहे आणि दर तीन वर्षांनी नवं करावं लागतं.

घरची भाषा इंग्रजी नसलेल्या मुलांसाठी काय करता? "घरीही इंग्रजीच बोला" असा सल्ला मिळाला तर सावध व्हा. ईवायएफएसमध्ये बरोबर उलट लिहिलंय: मुलाला खेळात आणि शिकण्यात घरची भाषा वापरायची संधी द्यायची, आणि सोबत चांगलं इंग्रजी शिकवायचं.

पहिले सहा आठवडे

प्रत्येक मुलाला एक 'की पर्सन' नेमून दिलेली असते: मुलाला ओळखणारी, घराशी बोलणारी एक ठरावीक व्यक्ती. तिचं नाव पहिल्याच दिवशी विचारा. मुलाला झोप कशी लागते, कशाची भीती वाटते, शू आली की ते कोणता शब्द वापरतं, हे तिला लिहून द्या. शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण परक्या भाषेच्या वर्गात मुलाचा तो एक शब्द कुणालाच कळला नाही तर दिवसभराची पंचाईत होते.

सोडताना निरोप घ्या. मूल खेळात रमलेलं पाहून गुपचूप निघून जाणं त्या क्षणी सोपं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी मूल दारातच तुमचा पाय धरून बसतं, कारण तुम्ही केव्हाही नाहीसे होता हे त्याला कळलेलं असतं. रोज तेच वाक्य म्हणा, "डबा खाऊन झाला, गोष्ट झाली, की मी येतो", एकदा मिठी मारा आणि निघा. पुन्हा मागे वळून येऊ नका. बहुतेक मुलं काही मिनिटांत शांत होतात. खात्री हवी असेल तर अर्ध्या तासाने शाळेला विचारा.

कपडे असे द्या की मूल स्वतः काढू-घालू शकेल: इलॅस्टिकची पँट, वेल्क्रोचे बूट. बक्कल, पट्टा, बंद गळा नको. जास्तीचा एक पूर्ण जोड पिशवीत, आणि प्रत्येक वस्तूवर नाव, मोज्यांवरसुद्धा. डबा मुलाला स्वतः उघडता येतो का, हे आदल्या आठवड्यात घरी तपासा. झाकण घट्ट असेल तर मूल जेवणाच्या वेळेतली पाच मिनिटं मदतीची वाट पाहण्यात घालवतं. द्राक्षं लांबीत चार फोडी करून द्या, अख्खी कधीच नाही. अख्खा सुका मेवाही पाच वर्षांखालच्या मुलांना घशात अडकण्याचा धोका असतो, आणि ॲलर्जीमुळे अनेक शाळांत तो वर्ज्य असतो. उलटी-जुलाब झाले तर शेवटच्या वेळेनंतर ४८ तास घरी ठेवायचं, हा नियम बहुतेक ब्रिटिश शाळा काटेकोरपणे पाळतात.

इंग्रजी न येणारं मूल सुरुवातीला वर्गात गप्प राहू शकतं. काही आठवडे, कधी काही महिने. या काळात ते ऐकत असतं, इतरांकडे बघून कृती करत असतं, खुणांनी सांगत असतं. घरी भडाभडा मराठी बोलणारं मूल शाळेत गप्प असेल तर बहुधा काळजीचं कारण नाही, आणि "बोल ना, टीचरला सांग ना" असा तगादा लावला की ते आणखी मिटतं. मराठीतही शब्द कमी असतील, वाक्यं होत नसतील, हाक मारल्यावर लक्ष जात नसेल, तर थांबू नका: आधी कान तपासून घ्या, मग शाळेशी बोला. मुलाचं इंग्रजी कच्चं असेल तर घरच्या भाषेत ते किती बोलतं हे पालकांसोबत पाहून मगच भाषा मागे आहे का ते ठरवावं, अशी ईवायएफएसची अटच आहे. म्हणजे तुमचं मराठीतलं निरीक्षण शाळेला लागतंच. लिहून द्या.

आणि घरी मराठीच बोला, भरपूर आणि चांगलं. गोष्ट, कारण, तुलना, "नंतर काय झालं" हे सगळं मूल ज्या भाषेत नीट बोलू शकतं त्या भाषेत शिकतं. इंग्रजी शब्द त्यावर पुढे बसतात. मोडक्या इंग्रजीतल्या चार सूचनांनी ते होत नाही.

वर्गात दिवसभर काय चालतं

सतरंजीवरचा एकत्र वेळ छोटा असतो, दहा-पंधरा मिनिटांचा, दिवसातून दोन-तीनदा. रिसेप्शनमध्ये फोनिक्सचा रोजचा तास, म्हणजे खरं तर वीसेक मिनिटं. उरलेल्या वेळात मुलं आपणहून निवडलेल्या कोपऱ्यात खेळतात: वाळू, पाणी, ठोकळे, भातुकली, पुस्तकं, कणकेसारखी मळायची माती, रंग, बाहेरची चिखलाची भांडी. याला 'कंटिन्युअस प्रोव्हिजन' म्हणतात. ते सहज मांडलेलं दिसतं, पण त्यामागे विचार असतो.

पाण्याच्या टबचंच पाहा. चांगल्या वर्गात त्यात दहा-बारा वस्तू ओतलेल्या नसतात. तीन वेगवेगळ्या उंचीची पारदर्शक भांडी, एक नरसाळं, एक नळी, दोन कप, एवढंच. उंच-अरुंद आणि बुटकं-रुंद भांडं मुद्दाम ठेवलेलं असतं, कारण त्यात पाणी सारखंच मावलं तर मूल चक्रावतं आणि पुन्हा ओतून पाहतं. शिक्षिका शेजारी बसते, लगेच प्रश्न विचारत नाही. "अरे, हे अजून भरलं नाही," एवढंच म्हणते. मूल "अजून दोन कप लागतील" म्हणालं की त्या एका वाक्यात मापन, अंदाज, संख्या आणि भाषा सगळं आलं; ओतताना मनगटाचा व्यायाम झाला तो वेगळा. त्याऐवजी शिक्षिकेने "हा कोणता रंग? हे किती? हे मोठं की लहान?" असा भडिमार केला की मूल टब सोडून निघून जातं. घरीही हेच लागू आहे: मूल खेळताना प्रश्न कमी, टिप्पणी जास्त.

"खेळलो" या उत्तरामागे हे असतं. ते काढून घ्यायचं असेल तर "काय शिकलास?" विचारू नका. "आज पाण्यात कोण होतं तुझ्याबरोबर?" किंवा "ठोकळ्यांचं काय बनवलं? पडलं का?" असं विचारा.

फोनिक्स: मराठी घरातली एक खास अडचण

नर्सरीत अक्षरं नसतात, कान तयार करणं असतं: आवाज ओळखणं, यमक, एकाच आवाजाने सुरू होणारे शब्द, आणि तोडून म्हटलेला शब्द जोडणं. हा शेवटचा खेळ घरी मराठीतही उत्तम चालतो. "फ्-ऊ-ल दाखव", "न्-आ-क कुठंय?" ज्या मुलाचे कान हे जोडू शकत नाहीत त्याला अक्षरं ओळखता आली तरी शब्द वाचता येत नाही. पालक नेमकी हीच पायरी गाळतात.

रिसेप्शनमध्ये अक्षरांचे ध्वनी सुरू होतात. अनेक कार्यक्रम एस, ए, टी, पी, आय, एन या सहापासून सुरू करतात, कारण एवढ्यांतून सॅट, पिन, टॅप, नॅप, टिन, पॅन असे बरेच शब्द लगेच वाचता येतात. काही कार्यक्रमांचा क्रम वेगळा आहे. शाळेचा क्रम विचारून घ्या आणि घरी दुसरा ॲप किंवा दुसरी पुस्तकमाला सुरू करू नका. दोन क्रम एकत्र आले की मूल गोंधळतं.

आता आपली अडचण. क, ख, ग म्हणताना आपण प्रत्येक व्यंजनात अ मिसळतो. आपल्या लिपीत ते बरोबरच आहे. इंग्रजी फोनिक्समध्ये मात्र ध्वनी पाय मोडलेला हवा: स्, ट्, प्, न्. घरी "स, ॲ, ट" असं शिकवलं की मूल ते जोडताना "सॲट" किंवा "सअट" असं काहीतरी म्हणतं आणि सॅटपर्यंत पोचत नाही. शिक्षिका महिनाभर तेच सुधारत बसते. म्हणून स्, म्, न्, ल्, र् हे लांबवून म्हणा: स्स्स्स, म्म्म्म. ट्, प्, क्, ड् हे तोडून, झटक्यात, मागे स्वर न लावता.

आणखी काही ठिकाणी जीभ अडते. एफचा ध्वनी आपल्या 'फळ'मधल्या फसारखा ओठ मिटून येत नाही. वरचे दात खालच्या ओठावर टेकवून नुसती हवा सोडायची. तसेच दात ठेवून आवाज काढला की व्हीचा ध्वनी, आणि ओठ गोल केले की डब्ल्यूचा. मुलाला आरशासमोर उभं करून दाखवलं की पटकन जमतं. आपल्याला नीट जमत नसेल तर शाळेकडून शुद्ध ध्वनींचा व्हिडिओ मागा. बहुतेक शाळा आनंदाने देतात.

अक्षरांची नावं, म्हणजे ए-बी-सी-डी, आधी घोटून घेऊ नका. "सी-ए-टी" म्हणत कॅट जुळत नाही. मोठी लिपीही आधी नको. नावाचं पहिलं अक्षर सोडून सगळं लहान लिपीत.

मग अक्षरजोड्या येतात: श, च, इंग्रजी थ, लांब ई, एआयची जोडी. यांना डायग्राफ म्हणतात, दोन अक्षरं पण ध्वनी एक. 'द', 'टू', 'आय' यांसारखे ध्वनीने पूर्ण न उलगडणारे शब्द 'ट्रिकी वर्ड्स' म्हणून वेगळे शिकवले जातात. ते थोडेच असतात. सगळे शब्द पाहून पाठ करायची सवय त्यातून लावू नका.

घरी येणारं वाचनाचं पुस्तक मुलाला आधीच आलेल्या ध्वनींचं असतं, म्हणून सोपं वाटतं. "हे तर याला येतं, पुढचं द्या" असं लिहून पाठवू नका. तेच पुस्तक तीन दिवस वाचा: पहिल्या दिवशी ध्वनी जोडत, दुसऱ्या दिवशी न अडखळता, तिसऱ्या दिवशी गोष्टीबद्दल बोलत. रोज पाच ते दहा मिनिटं पुरतात. चित्राकडे पाहून शब्द ओळखत असेल तर चित्र बोटाने झाकू नका, शब्दाकडे बोट न्या. आणि झोपताना तुम्ही वाचून दाखवायचं पुस्तक वेगळं, ते मुलाच्या वाचनापेक्षा कितीतरी अवघड आणि हवं तर मराठी.

हात तयार झाला की पेन्सिल

लिहिण्याची ताकद खांद्यापासून सुरू होते, मग कोपर, मनगट, शेवटी बोटं. म्हणून नर्सरीत लटकणं, ढकलणं, भिंतीवर ओल्या ब्रशने मोठ्या रेघा मारणं असतं. हे न होता पेन्सिल हातात दिली की मूल ती मुठीत आवळतं, दोन ओळींत हात दुखतो, आणि चुकीची पकड वर्षानुवर्षं सुटत नाही. घरी कणीक मळू द्या, कागद फाडू द्या, कपड्यांचे चिमटे लावू द्या, मणी ओवू द्या. कात्रीत आधी कडेला नुसत्या चिरा, मग सरळ रेघ, मग वळण. कापताना अंगठा वर. डावखुऱ्या मुलाला डाव्या हाताचीच कात्री हवी, नाहीतर कात्री कागद चावते आणि दोष मुलाला लागतो. खडू लांबलचक देऊ नका. तीन-चार सेंटिमीटरचा तुकडा दिला की मुठीत धरताच येत नाही, तीन बोटं आपोआप कामाला लागतात.

रिसेप्शनचं मूल 'लाइक' हा शब्द एल-आय-के असा लिहील. हे बरोबर आहे, ऐकू आलेले तिन्ही ध्वनी त्याने मांडलेत. लाल पेनने ई घालू नका. प्रत्येक शब्द सुधारला तर मूल खात्रीचे तीनच शब्द लिहायला शिकतं.

शंभरपर्यंत म्हणता येणं म्हणजे मोजता येणं नाही

सोपी तपासणी करा: "मला सहा चमचे दे." शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारं मूल इथे हातात येतील तेवढे देऊ शकतं. मग पाच बटणं मोजायला सांगा आणि विचारा, "किती आहेत?" ते पुन्हा पहिल्यापासून मोजू लागलं तर शेवटचा आकडा म्हणजे एकूण संख्या हे अजून बसलेलं नाही. तिथे मोठे आकडे थांबवा आणि पाचमध्येच राहा. पाच बटणं वाटीखाली, दोन बाहेर काढा: आत किती? फाशावरचे ठिपके न मोजता ओळखणं. पाच-पाचच्या दोन ओळींची दहाची चौकट आणि त्यावर खडे. हे सगळं मराठीत केलं तरी चालतं, समज भाषा ओलांडते. उद्दिष्टं तपासताना संवाद व भाषा आणि साक्षरता ही दोनच क्षेत्रं इंग्रजीतच पाहायची असतात. गणितासह बाकी सगळं कोणत्याही भाषेत पाहिलेलं ग्राह्य आहे. इंग्रजी कच्चं म्हणून गणितात मूल मागे दाखवलं असेल, तर हा नियम शिक्षकांपुढे ठेवा.

निरीक्षणं आणि अहवाल

इंग्लंडच्या सरकारी शाळांत रिसेप्शनच्या पहिल्या सहा आठवड्यांत एक छोटी बेसलाइन तपासणी होते. आंतरराष्ट्रीय शाळा बहुधा आपल्या पद्धतीने तसंच काही करतात. तिची तयारी करून घेऊ नका, पुढची वाढ तिच्यावरून मोजायची असते. वर्षभर टेपेस्ट्री किंवा सीसॉसारख्या ॲपवर फोटो आणि नोंदी येतात. कमी फोटो म्हणजे कमी लक्ष असं नाही. २०२१ पासून शिक्षकांनी लिखापढी कमी करून मुलांसोबत राहावं असाच कल आहे. तुम्ही मात्र घरचं टाकत जा: सायकल चालवली, बुटाचा वेल्क्रो लावला, आजीला फोनवर गोष्ट सांगितली. शाळेत न दिसलेली गोष्ट तिथून कळते.

वर्षाअखेरीला प्रत्येक उद्दिष्टासमोर 'एक्स्पेक्टेड' किंवा 'इमर्जिंग' येतं. इमर्जिंग म्हणजे नापास नाही, अजून तिथे पोचायचंय. पायाची तिन्ही क्षेत्रं, साक्षरता आणि गणित मिळून १२ उद्दिष्टांत एक्स्पेक्टेड असेल तर त्याला 'गुड लेव्हल ऑफ डेव्हलपमेंट' म्हणतात. अहवाल हातात आला की आधी जन्ममहिना आठवा, मग पायाची क्षेत्रं पाहा. लेखनात इमर्जिंग आणि हाता-बोटांच्या सूक्ष्म हालचालीतही इमर्जिंग असेल तर सुट्टीत अक्षरं नव्हे, हातांची कामं करून घ्या. वाचनात अडलंय आणि ऐकण्या-समजण्यातही अडलंय, तर गप्पा आणि गोष्टी वाढवा.

इयर वनकडे

इथे बदल मोठा असतो: टेबल-खुर्ची जास्त, निवडीचा खेळ कमी, वह्या सुरू. पहिल्या सत्रात खेळाचे कोपरे थोडे तरी ठेवणार का, हे शाळेला शेवटच्या सत्रातच विचारा, आणि मुलाला नवा वर्ग व नवी शिक्षिका सुट्टीआधी दोन-तीनदा दाखवायला सांगा. इंग्लंडमध्ये इयर वनच्या जूनमध्ये फोनिक्स स्क्रीनिंग चेक असतो; अनेक आंतरराष्ट्रीय शाळाही तो घेतात. ४० शब्द मोठ्याने वाचायचे, त्यातले २० अर्थ नसलेले, शेजारी परग्रहवासीयाचं चित्र. शब्द पाहून ओळखायची सवय लागलेली मुलं इथे चुकतात: 'स्ट्रॉम' असं लिहिलेलं असतं आणि ती 'स्टॉर्म' वाचतात. पाठ केलेली शब्दांची कार्डं घरात असतील तर ती काढून ठेवा, आणि मुलाबरोबर विचित्र, निरर्थक शब्द बनवून ते वाचण्याचा खेळ रिसेप्शनच्या उन्हाळ्यातच सुरू करा.